अनुभव धागा: गोव्यातल्या रस्त्यांवर गाडीचं इंधन कसं वाचवता?

चढउतार, वळणं, चार महिने पाऊस आणि खारी हवा. यात ज्याचा खरोखर फरक पडतो ते कारणासकट लिहा. अ‍ॅव्हरेज टाकी ते टाकी काढा: नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरून ट्रिप मीटर शून्यावर आणा, पुढच्या वेळी त्याच पंपावर तसंच भरा. ४२० किमीला २४ लिटर लागले तर लिटरला १७.५ किमी. डॅशबोर्डवरचा आकडा बऱ्याचदा चढा असतो.

फोंडा
अनमोड किंवा चोर्ला घाट उतरताना न्यूट्रल करू नका. इंजेक्शनच्या गाडीत गियर असताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडला की इंधनाचा पुरवठाच बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतं, शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापून निकामी होऊ शकतात. उतार पाहून दुसरा-तिसरा गियर ठेवा. चढावर उलट: इंजिन धडधडायला लागायच्या आधी गियर खाली आणा. वरच्या गियरमध्ये रेटत नेण्यात काहीच वाचत नाही.

काणकोण
समुद्राकाठच्या गाड्यांचं खरं दुखणं म्हणजे धरून राहणारे ब्रेक. खाऱ्या दमट हवेत कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) सरकपिना गंजतात, पॅड डिस्कवरून मागे सरत नाही आणि गाडी सतत अर्धवट ब्रेक लावल्यासारखी धावते. दहा-बारा किमी जोरात ब्रेक न मारता चालवा, थांबल्यावर चारही रिमांजवळ हात न्या. एकच जास्त गरम लागला तर तिथे बघा. चाकांना दगड लावून ते चाक जॅकवर उचला, हाताने फिरवा. किंचित घासणं चालेल, अडखळणं नाही. पिना काढून साफ करायच्या, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावायचं, फाटलेलं रबर बूट बदलायचं. साधं ग्रीस लावू देऊ नका, त्याने रबर फुगतं आणि पिना पुन्हा अडकतात. मागे ड्रम ब्रेक असेल तर हँडब्रेकची केबल प्रमाणाबाहेर ताणलेली नाही ना, तेही पाहून घ्या. पावसाळ्यात गाडी चार दिवस उभी राहणार असेल तर सपाट जागी पहिल्या गियरमध्ये, चाकांना दगड लावून ठेवा. हँडब्रेक ओढून ठेवला की ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात.

म्हापसा
टायरमधली हवा थंड टायरवरच तपासा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो; टायरच्या बाजूवर छापलेला तो कमाल दाब, तेवढा भरायचा नसतो. बाकी, रिकामं रूफ कॅरियर उतरवून ठेवा.

दिवाडी
फेरीबोटीच्या रांगेत इंजिन बंद. लहान पेट्रोल गाडी उभ्या उभ्या तासाला साधारण पाऊण लिटर पिते, एसीवर त्याहून जास्त.

मडगाव
एअर फिल्टर बदलल्याने अ‍ॅव्हरेज वाढतं, हे कार्ब्युरेटरच्या काळातलं खरं. आता सेन्सर हवा मोजून तेवढंच इंधन सोडतो, त्यामुळे तांबड्या धुळीने भरलेला फिल्टर मुख्यतः ताकद खातो. बदला जरूर, पण अ‍ॅव्हरेज पडलं असेल तर आधी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरचं पाणी अडवणारी झडप, बघा. तो उघडाच अडकला तर इंजिन पुरेसं तापत नाही आणि संगणक जास्त इंधन सोडत राहतो. तापमानाचा काटा मोकळ्या हायवेवर खाली उतरत असेल तर हीच शंका घ्या.

आणि ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचा हिशेब वेगळा धरा. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा सुमारे एक तृतीयांश कमी, म्हणजे मिश्रणात शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्क्यांची घट. तेवढ्यासाठी गॅरेजला पैसे देऊ नका.