विषय: माळी निवडताना (मेडनहेड परिसर, इंग्लंड)

प्रेषक: मेडनहेड येथील एक सभासद

सर्व सभासदांना सादर नमस्कार.

आम्ही गेल्या हिवाळ्यात मेडनहेडला घर घेतले. घरामागे लांबट बाग आहे, आणि तिच्या एका बाजूला आधीच्या मालकांनी लावलेली लेलँडी या झपाट्याने वाढणाऱ्या सदाहरित झाडाची हेज (झाडांचे कुंपण) आता वरच्या मजल्याच्या खिडकीपर्यंत पोचली आहे. शेजारच्या आजोबांनी, त्यांच्या स्वयंपाकघरात ऊन येत नाही, असे अगदी सौम्य शब्दांत दोनदा सुचवले आहे. आम्ही दोघेही नोकरी करतो, बागकामाचा आमचा अनुभव कुंडीतल्या तुळशीपलीकडे गेलेला नाही, आणि जुलैच्या अखेरीस शाळांना सुट्टी लागली की मुलांना घेऊन पुण्याला जायचे आहे; म्हणून नियमित येणारा, भरवशाचा माळी हवा आहे.

आतापर्यंत तिघांना बाग दाखवली. पहिल्याचे पत्रक दारातून आत पडले होते आणि त्यावर केवळ मोबाइल क्रमांक होता. हेज उद्याच निम्मी करून देतो, कचराही घेऊन जातो, पैसे मात्र रोख हवेत, असे तो म्हणाला, आणि त्याने सांगितलेली रक्कम सर्वांत कमी होती. दुसरी एक कंपनी आहे. ती बाराही महिने सारखी रक्कम घेऊन पंधरवड्याला एक फेरी करते. तिसरे गृहस्थ एकटे काम करतात. त्यांनी हेजमध्ये वाकून पाहिले, आत ब्लॅकबर्डचे घरटे आहे असे सांगितले आणि सप्टेंबरपर्यंत तिला हात लावणार नाही म्हणाले. मागच्या कोपऱ्यातल्या मोठ्या झाडाच्या फांद्या उतरवायला सांगितल्या, तर तुमचे घर कॉन्झर्व्हेशन एरियात (जतनासाठी राखलेल्या भागात) येते का, असे त्यांनी मलाच विचारले. माझ्या पतीचे मत असे की या माणसाला काम करायचेच नाही. आपला अनुभव काय सांगतो?


प्रेषक: रेडिंग येथील एक ज्येष्ठ सभासद

ताई, सप्रेम नमस्कार.

आपल्या पतीचा रोष मी समजू शकतो, परंतु माझे मत नेमके उलट आहे. तिघांपैकी ज्याने दोन कामांना नकार दिला तोच माणूस ठेवावा, कारण ते दोन्ही नकार बरोबर आहेत आणि ते न दिल्यास नुकसान त्याच्याइतकेच तुमचेही झाले असते.

घरट्यापासून सुरुवात करतो. १९८१ च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड ॲक्टनुसार वापरात असलेले किंवा बांधले जात असलेले पक्ष्याचे घरटे जाणूनबुजून मोडणे हा गुन्हा आहे. विणीचा हंगाम साधारणपणे मार्च ते ऑगस्ट धरतात, आणि म्हणूनच जाणकार माळी मोठी छाटणी सप्टेंबरवर ढकलतात. आता घरटे आहे हे तुम्हाला कळलेले असल्यामुळे पहिल्या माणसाकडून हेज कापून घेतल्यावर ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ असे म्हणण्याची सोयही उरणार नाही. शेजारच्या आजोबांना बोलावून ते घरटे लांबून दाखवावे आणि सप्टेंबरात हेज उतरवणार आहोत असे स्पष्ट सांगावे. २ मीटरपेक्षा उंच सदाहरित हेजबद्दल शेजाऱ्याला कौन्सिलकडे (स्थानिक नगरपालिकेकडे) तक्रार करता येते, तशी तरतूद २००३ च्या कायद्यात आहे. परंतु त्याआधी आपसांत मिटवण्याचा प्रयत्न झालेला असावा लागतो, आणि सौम्य बोलणारा शेजारी लाभला असताना ते प्रकरण तिथवर जाऊ देण्याचे काहीच कारण नाही.

लेलँडीचा स्वभावही ध्यानात घ्यावा. बाजूने हिरवा पाला संपून आतल्या तपकिरी लाकडापर्यंत कात्री गेली की तिथे पुन्हा पालवी फुटत नाही, आणि ती उघडी भिंत वर्षानुवर्षे तशीच दिसते. ‘उद्या निम्मी करून देतो’ म्हणणाऱ्याने याचा एका शब्दानेही उल्लेख केला नसेल, तर त्याच्याकडे यंत्र आहे, विद्या नाही, असे समजावे.

झाडाबद्दल त्या गृहस्थांनी विचारलेला प्रश्न तर अगदी मुद्द्याचा आहे. घर कॉन्झर्व्हेशन एरियात असेल आणि झाडाच्या खोडाचा व्यास जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ७५ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल, तर फांद्या उतरवण्यापूर्वी कौन्सिलला सहा आठवड्यांची लेखी सूचना द्यावी लागते. झाडावर ट्री प्रिझर्व्हेशन ऑर्डर (ते झाड जपण्याचा कौन्सिलचा आदेश) असेल तर परवानगीच घ्यावी लागते. नियम मोडल्यास कापणाऱ्याबरोबर कापायला लावणाऱ्यावरही खटला होऊ शकतो. कौन्सिलच्या संकेतस्थळावरील नकाशात किंवा नियोजन विभागाला विचारून ही माहिती मिळते. शिवाय मोठ्या झाडावर चढून करवत चालवणे हे माळ्याचे काम नव्हे. त्यासाठी वेगळा ट्री सर्जन बोलवावा आणि तो आर्बोरिकल्चरल असोसिएशनच्या मान्यताप्राप्त यादीतला असल्यास उत्तम.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि आपल्या मंडळींचे त्याकडे सर्वांत कमी लक्ष असते. माळ्याला पहिला प्रश्न दराचा विचारू नये. कापलेला पाला कुठे जातो, हा विचारावा. इंग्लंडमध्ये कामातून निघालेला कचरा गाडीत घालून नेणाऱ्याची एन्व्हायर्न्मेंट एजन्सीकडे वेस्ट कॅरियर म्हणून नोंदणी असावी लागते. केवळ बागेतला पालापाचोळा नेणाऱ्या माळ्याला खालच्या श्रेणीची नोंदणी पुरते आणि तिला शुल्क नाही. बांधकामाचा राडारोडाही नेत असेल तर वरची श्रेणी घ्यावी लागते, तिला शुल्क आहे आणि दर तीन वर्षांनी नूतनीकरण आहे. हे नोंदणीपुस्तक सर्वांसाठी ऑनलाइन खुले असून नाव टाकून पाहता येते. आमच्या जवळच्या एका कुटुंबाच्या बागेतला पाला शेताच्या कडेला टाकलेला सापडला आणि त्यातल्या एका पाकिटावरच्या पत्त्यावरून कौन्सिलचे पत्र थेट त्यांच्या दारी आले. कचरा योग्य माणसाच्या हाती देण्याची जबाबदारी घरमालकाची असते आणि ती न पाळल्यास ६०० पौंडांपर्यंत निश्चित दंड होऊ शकतो. जी नोंदणी फुकट मिळते तीसुद्धा ज्याने केलेली नाही, तो विम्याचे पैसे भरत असेल यावर माझा विश्वास बसत नाही. कौन्सिलच्या हिरव्या बिनची वार्षिक वर्गणी भरून नेहमीचा पाला त्यातच टाकायला सांगणे हा साधा उपाय आहे. मोठ्या छाटणीपुरताच मग प्रश्न उरतो.

विम्याचे म्हणाल तर एकट्याने काम करणाऱ्याला पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स कायद्याने सक्तीचा नाही, पण स्ट्रिमरखालून (गवत कापायच्या हातयंत्राखालून) उडालेला खडा शेजाऱ्याच्या कंझर्व्हेटरीच्या (घराला जोडलेल्या काचेच्या खोलीच्या) काचेवर बसला की त्याची किंमत कळते. प्रमाणपत्राची प्रत मागावी, चांगला माणूस ती आनंदाने देतो. हाताखाली माणसे ठेवणाऱ्याला मात्र एम्प्लॉयर्स लायबिलिटी विमा सक्तीचा आहे. फरसबंदीच्या फटींतले तण मारायला व्यावसायिक औषध फवारणार असेल, तर त्याच्याकडे त्या कामाचे प्रमाणपत्र हवे. हातपंपाच्या फवारणीसाठी पीए१ आणि पीए६ ही त्यांची नावे आहेत.

ज्ञानाची परीक्षा घ्यायची असेल तर ज्याचे उत्तर आपल्याला माहीत आहे असा एकच प्रश्न विचारावा. माझा आवडता प्रश्न म्हणजे प्लमचे झाड कधी छाटायचे. सफरचंद हिवाळ्यात, पाने गळून झाड निद्रिस्त असताना छाटतात, आणि त्याच ठोकताळ्याने प्लमही हिवाळ्यात छाटला तर जखमेतून सिल्व्हर लीफ नावाचा बुरशीचा रोग शिरण्याचा धोका असतो. म्हणून त्याची छाटणी उन्हाळ्यात करतात. हायड्रेंजियाबद्दलही विचारता येईल. गोल गुच्छांच्या जातीला मागील वर्षीच्या काडीवर फुले येतात, त्यामुळे शरद ऋतूत ‘साफसफाई’ म्हणून ती खालपर्यंत कापणारा माणूस तुमचा पुढचा उन्हाळा फुलांविना घालवतो. हिरवळ कापणारे पुष्कळ मिळतात, परंतु काय कापू नये हे जाणणारे थोडे, आणि वर्षभरासाठी तुम्हाला हवा आहे तो दुसऱ्या प्रकारचा. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीची लेव्हल टू पदविका असेल तर चांगलेच, पण ती नसलेले काही उत्तम माळी मी अलॉटमेंटवर (भाजीपाल्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या वाफ्यांवर) पाहिले आहेत.

त्या कंपनीला डिसेंबर आणि जानेवारीच्या फेऱ्यांत काय करणार, हे लेखी विचारावे. थंडीत गवताची वाढ जवळजवळ थांबते. पाने गोळा करणे, फळझाडांची छाटणी, हिवाळा सरताना गुलाब छाटणे, अशी यादी आली तर करार विचार करण्याजोगा आहे; ‘देखभाल’ एवढाच शब्द आला तर नाही.

यापुढे कुणाला नव्याने शोध घ्यायचा असल्यास दारातून येणाऱ्या पत्रकांपेक्षा जवळच्या नर्सरीत, अलॉटमेंटच्या सूचनाफलकापाशी किंवा नॅशनल गार्डन स्कीमखाली उघडलेल्या खासगी बागांत चौकशी करावी. १९२७ पासून चालत आलेल्या या उपक्रमात बागमालक स्वतः दारात उभे असतात, आणि चहाचा कप हाती असताना आपल्या माळ्याबद्दल भरभरून बोलतात.


प्रेषक: स्लाव येथील एक सभासद

काका, पत्र फार उपयोगी आहे. एक सुचवावेसे वाटते. रेडिंग विद्यापीठात महाराष्ट्रातून आलेले बरेच विद्यार्थी आहेत, त्यांतले काही शेतकरी कुटुंबांतले आहेत आणि त्यांना पैशाची निकड असते. ताईंनी हिरवळ कापण्यासारखे हलके काम तासाच्या दराने त्यांच्यापैकी कुणाला दिले, तर दोघांचीही सोय होईल.


प्रेषक: हॅरो येथील एक सभासद (लेखापाल)

स्लावच्या ताईंची भावना चांगली असली तरी हा मार्ग धरू नये, अशी कळकळीची विनंती आहे. स्टुडंट व्हिसावर असलेल्या व्यक्तीला स्वयंरोजगार करता येत नाही, आणि घरोघर जाऊन तासाच्या दराने बागकाम करणे हे सहसा स्वयंरोजगारातच मोडते. सत्रकाळात आठवड्याला २० तासांची जी मुभा बहुतेक पदवी-विद्यार्थ्यांना असते ती नोकरीसाठी आहे. नोकरी म्हणून दाखवायचे ठरवले तर घरमालक हा मालक ठरतो, आणि मग किमान वेतन, पगारी रजा, राइट टू वर्क तपासणी हे सारे त्याच्या गळ्यात पडते. काम करण्याचा हक्क नसलेल्या माणसाला नोकरीवर ठेवल्यास पहिल्या वेळी एका माणसामागे ४५,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. याहून मोठी झळ त्या मुलाच्या व्हिसाला बसते. मदतच करायची असेल तर त्याला जेवायला बोलवावे.

नेहमीच्या माळ्याच्या बाबतीत हा प्रश्न येत नाही. तो स्वतःची अवजारे आणतो, अनेक घरी काम करतो, कामाची पद्धत स्वतः ठरवतो. त्याचा कर तो भरतो. त्याला पैसे बँकेतून द्यावेत, म्हणजे वाद झाल्यास पुरावा राहतो. आधी संपूर्ण रक्कम मागणाऱ्याला नकार द्यावा. काम निष्काळजीपणे झाले असेल तर २०१५ च्या कन्झ्युमर राइट्स ॲक्टनुसार ते पुन्हा करून मागता येते, पण ज्याचे नाव आणि पत्ता ठाऊक नाही त्याच्याकडे हा हक्क बजावणार कसा? त्या कंपनीचा करार घरी बसून केला तर तो रद्द करायला सहसा १४ दिवस मिळतात, हेही लक्षात असू द्यावे.


प्रेषक: मेडनहेड येथील सभासद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तिसऱ्या गृहस्थांचे नाव नोंदणीपुस्तकात सापडले आणि त्यांनी विम्याची प्रतही लगेच पाठवली. प्लमचा प्रश्न माझ्या पतीने स्वतः विचारला. त्याचे उत्तर काकांनी सांगितले तेच आले, आणि घरातला विरोध तिथेच मावळला. पुण्याला असताना त्यांच्याकडे काय सोपवावे आणि काय सोपवू नये, एवढे एकच विचारायचे राहिले आहे.


प्रेषक: स्लाव येथील सभासद

बागेच्या बाजूच्या फाटकाची किल्ली द्यावी, घराची देऊ नये, आणि शेडमध्ये त्यांना लागणार नाहीत त्या वस्तू कुलपात ठेवाव्यात. जाण्यापूर्वी निदान दोनदा तरी आपण घरी असताना त्यांच्याकडून काम करून घ्यावे. प्रत्येक फेरीनंतर दोन छायाचित्रे पाठवायला सांगितले तर कुणी वावगे मानत नाही, आणि पैसे त्याच दिवशी पाठवले तर तेही फेरी चुकवत नाहीत. रुजलेल्या हिरवळीला पाणी घालायला सांगू नये. ती पिवळी पडली तरी पावसाने पुन्हा हिरवी होते. कुंड्या मात्र सावलीत एकत्र ठेवाव्यात. टेम्स वॉटरने २४ ऑगस्ट २०२२ पासून आमच्याकडे होजपाइपला बंदी केली होती तेव्हा बागेला झारीनेच पाणी घालावे लागले. तुमच्या पाणी कंपनीचे धोरण वेगळे असू शकते, ते आधी पाहून माळ्याला कळवावे. घर सलग ३० किंवा ६० दिवसांपेक्षा जास्त रिकामे राहिल्यास पुष्कळ विमा कंपन्या संरक्षण कमी करतात, तोही कागद एकदा वाचावा. कढीपत्ता आणि तुळस माझ्याकडे आणून ठेवल्यास चालेल.