विनापरवाना पिस्तूल नुसते जवळ बाळगल्याबद्दल किमान २ वर्षे कैद : ही शिक्षा न्याय्य आहे का?

विद्या_लालबाग

नमस्कार. मी लालबागला राहते आणि आयुष्यभर शाळेत शिकवून आता निवृत्त झाले आहे. आमच्याच चाळीतल्या, माझ्या हाताखाली पाचवी-सहावी शिकलेल्या एका २२ वर्षांच्या मुलाला गेल्या वर्षी पोलिसांनी अटक केली. त्याच्या घराच्या पोटमाळ्यावर एका पिशवीत गावठी कट्टा आणि २ जिवंत काडतुसे सापडली. ओळखीच्या एका तरुणाने ती पिशवी 'चार दिवस ठेव' म्हणून दिली होती, असे तो सांगतो. आत काय आहे ते तुला ठाऊक होते का, असे मी त्याला विचारले तेव्हा त्याने मान खाली घातली, त्यामुळे ठाऊक होते असेच मी धरून चालते. तो निर्दोष आहे हे पटवण्यासाठी मी लिहीत नाही.

जामीन होईपर्यंत तो ७ महिने आर्थर रोडच्या तुरुंगात होता. त्याची नोकरी गेली, बहिणीचे ठरत आलेले लग्न मोडले, आणि खटला अजून सुरूही झालेला नाही. दोषी ठरला तर किमान २ वर्षे शिक्षा आहे असे सांगतात. त्याने कोणावर गोळी झाडली नाही, कोणाला धमकावले नाही. भरलेले पिस्तूल कमरेला लावून एखाद्याच्या दारात उभा राहणारा आणि दुसऱ्याची पिशवी पोटमाळ्यावर ठेवणारा यांना कायदा एकाच मापाने मोजतो का, आणि मोजत असेल तर ते योग्य आहे का, हे मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

भोईवाडा_वकील

विद्याताई, मी गेली १८ वर्षे मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयांत फौजदारी वकिली करतो. आधी कायदा काय म्हणतो ते मांडतो.

पोलिसांच्या कागदांवर 'भारतीय हत्यार कायदा कलम ३ सह २५' असे लिहिलेले असते तो म्हणजे १९५९ चा शस्त्र अधिनियम. साधे, म्हणजे प्रतिबंधित वर्गात न मोडणारे अग्निशस्त्र परवान्याशिवाय बाळगल्यास पूर्वी किमान १ आणि कमाल ३ वर्षे कैद होती. १४ डिसेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ती किमान २ आणि कमाल ५ वर्षे झाली, दंड वेगळा. शस्त्र प्रतिबंधित असेल, उदाहरणार्थ स्वयंचलित रायफल, तर ७ ते १४ वर्षे आणि बेकायदा शस्त्र बनवणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. म्हणजे शस्त्र कोणते आणि त्याचा व्यापार केला की नुसते बाळगले, एवढा फरक कायदा करतो. परंतु बाळगणाऱ्यांमध्ये कोणी कशासाठी बाळगले, याचे मोजमाप त्याने जवळजवळ पूर्णपणे न्यायाधीशावर सोडले आहे, आणि त्याच न्यायाधीशाचे हात किमान शिक्षेच्या मर्यादेने बांधलेही आहेत. 'पुरेशी आणि विशेष कारणे' निकालपत्रात नोंदवून न्यायालय किमानपेक्षा कमी शिक्षा देऊ शकते हे खरे, पण माझ्या अनुभवात कनिष्ठ न्यायालये ती तरतूद वापरायला बिचकतात, कारण वरच्या न्यायालयात प्रत्येक शब्दाचा जाब द्यावा लागेल अशी भीती असते.

ताबा म्हणजे काय, यावर सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात स्पष्टपणे सांगितले आहे. वस्तू अंगावर असणे आवश्यक नाही. ती आपल्या नियंत्रणाखाली असली आणि तिची जाणीव असली की ताबा सिद्ध होतो. तेव्हा पोटमाळा हा बचाव नाही. जाणीव नव्हती हा बचाव होऊ शकतो. शिवाय असा खटला चालवण्यासाठी जिल्हादंडाधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते, मुंबईत ते अधिकार पोलीस आयुक्तांकडे येतात, आणि हत्यार चालण्याच्या स्थितीत आहे हा अहवाल कलिनाच्या न्यायसहायक प्रयोगशाळेकडून यावा लागतो. मंजुरीतील त्रुटी, फितूर झालेले पंच आणि न जुळणारे सील यांवर अनेक आरोपी सुटतात, तेव्हा केवळ 'शिक्षा कडक आहे' म्हणून चित्र पूर्ण होत नाही.

मला सर्वांत अन्याय्य वाटते ते वेगळेच आहे. हा गुन्हा अजामीनपात्र आहे. ज्याच्याकडे जामीनदार नाही तो आत राहतो, आणि बराच काळ आत राहिलेल्या मुलाला कोणीतरी सल्ला देते की गुन्हा कबूल कर, भोगलेली कैद वजा होईल आणि लवकर बाहेर येशील. किमान शिक्षा १ वर्ष होती तेव्हा हा मोह फार मोठा होता, आणि मी स्वतः अशी कबुली देणारी मुले पाहिली आहेत ज्यांच्याविरुद्धचा पुरावा न्यायालयात टिकला नसता. ती सुटली, पण दोषसिद्धी कायमची मागे लागली; पोलीस पडताळणीचा कागद मागणारी प्रत्येक नोकरी त्यांना बंद झाली. फौजदारी खटल्यांच्या कार्यपद्धतीच्या नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, पहिल्यांदाच आरोपी झालेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढल्यास त्याला सोडण्याची तरतूद आहे. पाच वर्षांच्या कलमात तो काळ २० महिने होतो, म्हणजे दिलासाही जवळजवळ किमान शिक्षेइतकाच काळ तुरुंगात काढल्यावर मिळतो.

गिरणगावकर_६४

वकीलसाहेबांचा आदर राखून मी विरोधी मत मांडतो.

माझा जन्म परळचा. १९९० च्या दशकात गिरण्या बंद पडत होत्या आणि गल्लीगल्लीत टोळ्यांची माणसे उभी राहत होती, तो काळ मी तारुण्यात पाहिला आहे. १२ सप्टेंबर १९९२ रोजी जे. जे. रुग्णालयात गोळीबार झाला, १६ जानेवारी १९९७ रोजी कामगार नेते डॉ. दत्ता सामंत पवईत घराजवळ मारले गेले, हे सर्वांना ठाऊक आहे. माझ्या मावसभावाचे नाव वर्तमानपत्रात फक्त दोन ओळींत आले. त्याचे छोटे दुकान होते, खंडणी नाकारली, आणि एका संध्याकाळी दोन मुले चालत आली आणि चालतच निघून गेली. पुढे न्यायालयात समजले की पिस्तूल त्या दोघांपैकी कोणाचेच नव्हते. आदल्या रात्रीपर्यंत ते एका अशा घरात होते जिथल्या मुलावर एकही गुन्हा नव्हता.

टोळीचे काम असेच चालते, म्हणून मी हे सांगतो. गोळी झाडणारा वेगळा, हत्यार सांभाळणारा वेगळा, पोहोचवणारा वेगळा. मारेकरी पकडला तर त्याच्याकडे हत्यार सापडत नाही, आणि ज्याच्याकडे सापडते तो 'मित्राची पिशवी' म्हणतो. मध्य प्रदेशच्या सीमेवरच्या उमर्टी परिसरातून येणारा कट्टा मुंबईत शेवटच्या हातात पडेपर्यंत अशाच निष्कलंक घरांतून फिरतो, आणि त्या घरांवर संशय येत नाही हेच त्यांचे मोल असते. गोळी सुटण्यापूर्वी कायद्याला हात घालता येतो तो फक्त याच टप्प्यावर. त्या टप्प्याची शिक्षा हलकी केली तर माझ्या मावसभावासारख्यांसाठी कायदा नेहमी पंचनाम्यालाच पोहोचेल.

संजय दत्त यांच्या बाबतीतही हाच वाद झाला होता. टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या न्यायालयाने त्यांना दहशतवादी कटाच्या आरोपातून मुक्त केले, पण हत्यार कायद्याखाली २००७ मध्ये ६ वर्षांची शिक्षा दिली, आणि सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१३ मध्ये ती ५ वर्षांवर आणली, कारण प्रतिबंधित शस्त्रासाठी त्या वेळी तेवढे किमान होतेच. कुटुंबाच्या रक्षणासाठी बाळगले हे कारण तेव्हा पुरले नाही. नामवंताला लागू झालेला नियम आमच्या चाळीतल्या मुलाला लागू होऊ नये, असे मी म्हणू शकत नाही.

राजापूरकर_अंधेरी

आमच्या कोकणात हा प्रश्न अगदी निराळ्या रूपात येतो म्हणून लिहितो. रानडुकरे आणि वानर यांच्यापासून शेती-बागायत वाचवण्यासाठी दिलेले शेतीसंरक्षणाचे परवाने आणि ठासणीच्या बंदुका गावोगाव आहेत, आणि निवडणूक आली की त्या पोलीस ठाण्यात जमा करण्याची रीतही सर्वांच्या अंगवळणी पडलेली आहे. माझे वडील वारले तेव्हा त्यांची बंदूक घराच्या भिंतीला तशीच टांगलेली राहिली. आम्ही भावंडे मुंबईत, आई गावी एकटी. वारसाने परवान्यासाठी अर्ज करायचा असतो किंवा बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते, हे मला २ वर्षांनी कळले. जमा न करणे हाही कलम २५ खालचाच गुन्हा आहे आणि त्यालाही किमान १ वर्षाची कैद सांगितली आहे, हे वाचल्यावर मी आईला न सांगता रात्रीच्या गाडीने गावी गेलो.

बंदूक स्वीकारून घेतली गेली, गुन्हा नोंदवला गेला नाही. त्यासाठी मला पाच खेपा घालाव्या लागल्या आणि एका खेपेला 'गुन्हा दाखल करायचा की नाही ते बघू' असेही ऐकावे लागले. गिरणगावकर, तुमचे दुःख मी समजू शकतो. पण किमान शिक्षा कठोर असली की ती कोणावर चालवायची हे न्यायाधीशाऐवजी ठाण्यातला एक माणूस ठरवू लागतो, हे मी त्या बाकावर बसून अनुभवले आहे. त्या दिवशी तो माणूस भला निघाला म्हणून माझी आई आज आरोपी नाही.

विद्या_लालबाग

गिरणगावकर, तुमचे लिखाण मी दोनदा वाचले. निष्कलंक घर हीच टोळीची गरज असते, हा विचार माझ्या मनात आला नव्हता आणि आता तो जात नाही. त्या मुलाने काहीच केले नाही, असे मी यापुढे म्हणणार नाही.

तरीही एक गोष्ट मला खटकते. आरोपपत्रात पिशवी देणाऱ्याचे नावच नाही. 'अनोळखी इसम, पाहिजे आरोपी' एवढीच नोंद आहे. ज्या गुन्ह्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे तो करणारा मोकळा, आणि सांभाळणाऱ्यासाठी किमान २ वर्षे ठरलेली. हत्यार अडवणे हाच कायद्याचा हेतू असेल, तर नाव सांगणाऱ्याला शिक्षेत सवलत असायला हवी ना? तो माफीचा साक्षीदार, म्हणजे खरे सांगण्याच्या अटीवर माफी मिळालेला आरोपी, होऊ शकत नाही का?

भोईवाडा_वकील

विद्याताई, तुम्ही नेमक्या अडचणीवर बोट ठेवले. माफीचा साक्षीदार करण्याची तरतूद साधारणपणे ७ वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी आहे. बाळगण्याच्या या कलमाची कमाल शिक्षा ५ वर्षे, त्यामुळे त्याच्या खटल्यात ती वाट नाही. पुरवठादारावर विक्रीचे कलम लागले तर त्या गुन्ह्यापुरती ती उघडू शकते, पण त्यासाठी आधी पुरवठादार ओळखला गेला पाहिजे, आणि त्याला ओळखणारा एकच माणूस म्हणजे तुमचा विद्यार्थी. जो सर्वांत उपयोगी पडू शकतो त्याला बोलण्याच्या मोबदल्यात कायदा लेखी काहीच देत नाही. उरतात ती फक्त 'विशेष कारणे'. मी गिरणगावकरांशी इथे सहमत होईन की हत्यार सांभाळणे क्षुल्लक नाही, पण मग किमान शिक्षेतून सुटण्याचा एक निश्चित, कायद्यात लिहिलेला मार्ग मूळ पुरवठादारापर्यंत नेणाऱ्यासाठी असला पाहिजे.

सध्या एवढे करा. दोषसिद्धी झाल्यास शिक्षेच्या मुद्द्यावर आरोपीचे म्हणणे स्वतंत्रपणे ऐकले जाते. शाळेचे दाखले, मालकाचे पत्र, घरातील मिळकतीची स्थिती आणि पूर्वी एकही गुन्हा नसल्याची नोंद हे सर्व आतापासून जमवून ठेवा. ते त्या दिवशी मागायला गेलात तर मिळणार नाही.

गिरणगावकर_६४

नाव सांगितले तर शिक्षा कमी व्हावी, हे मला मान्य आहे. माझ्या मावसभावाच्या वेळी त्या घरातल्या मुलाने आदल्या दिवशी तोंड उघडले असते तर आमचा माणूस वाचला असता. मुलाला एवढेच विचारा, तो नाव का सांगत नाही?

विद्या_लालबाग

विचारले. पिशवी देणाऱ्याचे घर आमच्या चाळीपासून तिसऱ्या गल्लीत आहे आणि मुलाची बहीण रोज संध्याकाळी साडेसातला त्याच गल्लीतून कामावरून परत येते. वकीलसाहेब, कागद जमवायला मी उद्यापासून सुरुवात करते. पहिला दाखला माझ्याच शाळेचा असेल.