प्रतिसाद: इंटिजरला 'नग' शिकवा, पण ब्लॉकपुरताच

डीएसएलसाठी (एखाद्या कामापुरती बेतलेली छोटी भाषा) इंटिजरला, म्हणजे पूर्णांकाच्या प्रकाराला, जोडलेली मेथड (त्यावर चालणारी कृती) एका ब्लॉकपुरती, म्हणजे कोडच्या एका तुकड्यापुरती, ठेवता येईल का, असं इथे विचारलंय. हाच प्रश्न मला महागात पडलाय. सांगलीत एका अडत्यासाठी पट्टीचा (शेतकऱ्याला द्यायच्या विक्रीच्या हिशेबाचा) प्रोग्राम रुबी या भाषेत लिहिला. '१०.नग' म्हटलं की किलो मिळावेत म्हणून इंटिजरच उघडून मेथड घातली. हळदीचा नग ५० किलोचं पोतं, बेदाण्याचा १५ किलोचा बॉक्स. बेदाण्याची फाईल नंतर लोड झाली, तिच्या 'नग'नं हळदीचा 'नग' पुसला आणि हळदीच्या पट्टीत दहा पोती दीडशे किलोंची! शेतकऱ्यानंच चूक दाखवली.

रुबीतले रिफाइनमेंट्स (असे बदल मर्यादित ठेवायची सोय, २.० पासून) यावर अर्धाच उतारा. ते चालू करणारं 'युझिंग' फाईल, क्लास किंवा मॉड्यूलपुरतं चालतं, एखाद्या ब्लॉकपुरतं नाही. ग्रूव्ही या भाषेचं 'यूज' ब्लॉकपुरतं असतं खरं, पण आतून बोलावलेल्या कोडलाही ते लागू होतं. म्हणजे गळती आहेच.

मला कॉटलिन या भाषेचं पटलं. 'हळद' क्लासच्या आतच इंटिजरचं एक्स्टेन्शन (बाहेरून जोडलेली मेथड) लिहायचं आणि ब्लॉक हा त्या क्लासचा रिसीव्हर असलेला लॅम्डा ठेवायचा, म्हणजे त्या क्लासच्या वस्तूवर चालणारं बिननावाचं फंक्शन. महिरपी कंसाबाहेर 'नग' लिहिलंत तर कंपाइलरच अडवतो. एकात एक ब्लॉक असतील तर 'डीएसएलमार्कर' ही कॉटलिनची खूण लावा, नाहीतर बाहेरच्या ब्लॉकच्या मेथड आत गुपचूप चालतात.