एप्रिलमध्ये टाहोला स्कीइंग: नक्की घालायचं काय?

उकडीचामोदक
मंडळी, एक बाळबोध प्रश्न. आम्ही कॅलिफोर्नियात सनीव्हेलला राहतो, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात लेकीला स्प्रिंग ब्रेक आहे म्हणून टाहोच्या डोंगरात जायचं चाललंय. नवऱ्याने थोडंफार स्कीइंग केलंय, मी आणि लेक (वय ९) अगदीच कोरी पाटी, पहिल्याच दिवशी लेसन घेणार आहोत. घोळ कपड्यांचा आहे. हवामान बघितलं तर पहाटे उणे ३ आणि दुपारी चक्क १२-१३ डिग्री दाखवतंय. नवरा म्हणतो घरातलं जाड पफर जॅकेट आहे तेच घाल, खाली थर्मल आणि वरून जीन्स, दोन दिवसांसाठी कशाला खर्च. ऑफिसातली मैत्रीण म्हणते एप्रिलमध्ये लोक टीशर्टवर स्कीइंग करतात. कोणाचं ऐकू? भाड्याने काय घ्यावं, विकत काय घ्यावं, लेकीला काही वेगळं लागतं का तेही सांगा. स्की, बूट, हेल्मेट पॅकेजमध्येच आहेत.

डोंगरवेडा
दोघांचंही ऐकू नका :)
एप्रिलमध्ये थंडीचा फारसा त्रास नसतो, त्रास असतो तो ओलं होण्याचा आणि उन्हाचा. रात्री बर्फ घट्ट गोठतो, सकाळी नऊला स्लोप काचेसारखा कडक, मग ऊन चढलं की वरचा थर सुटायला लागतो आणि साडेदहा-अकरापासून एकदम मस्त मऊ दाणेदार बर्फ मिळतो, भिजवलेल्या साबुदाण्यासारखा. दोननंतर मात्र नुसता गाळ, स्की रुतते, आणि नवशिक्यांचे गुडघे तिथेच पिरगळतात. म्हणजे एकाच दिवसात तुम्हाला हिवाळा आणि उन्हाळा दोन्ही बघायचेत, त्यामुळे एक जाड कपडा घालण्यापेक्षा काढता-घालता येतील असे पातळ थर बरे.

अंगाला लागून पातळ मेरिनो लोकरीचं किंवा पॉलिएस्टरचं थर्मल, त्यावर पातळ फ्लीस, सगळ्यात वर अस्तर नसलेलं वॉटरप्रूफ जॅकेट. जॅकेटला काखेत चेन असेल तर सोन्याहून पिवळं, चेअरलिफ्टवर (डोंगरावर नेणारी लटकती खुर्ची) बंद करायची, स्की करत उतरताना उघडायची. फ्लीस अकरा वाजता निघणार हे धरूनच चाला. पफर स्लोपवर नको. शिकणारा माणूस सगळ्यात जास्त घामेजतो, कारण पडायचं, उठायचं, स्की घालून आडवं-आडवं चढायचं हेच दिवसभर चालतं, आणि पफरमधली पिसं एकदा भिजली की ऊब गेलीच म्हणून समजा.

आणि जीन्स अजिबात नाही. भर पावसात राजमाचीला जीन्स घालून गेलेला माणूस रात्री कसा कुडकुडतो ते इथल्या निम्म्या लोकांनी बघितलंय, इथे तर तुम्ही त्याच ओल्या जीन्सने पुन्हा पुन्हा बर्फात बसणार. शिवाय वसंतात चेअरलिफ्टची सीट ओली असते, वरच्या केबलवरूनही पाणी ठिबकतं. माझं मत विचाराल तर पैसे जॅकेटवर कमी आणि पॅन्टवर जास्त घाला. लेबलवर १०,००० मिमी वॉटरप्रूफ लिहिलेलं असेल तर तुमच्या कामाला पुरे.

कडकचहा
वरच्यांनी मोठ्यांचं सगळं सांगितलंय, मी लेकीचं सांगते. तिला कमरेची पॅन्ट नको, बिबवाली घ्या, खांद्यावर पट्टे असलेली. पोरं बर्फात फतकल मारून बसतात, कमरेतून बर्फ आत गेला की रडारड. बोटांचे ग्लोव्हज घालताना एकेक बोट शोधत बसावं लागतं आणि ओले झाले की आतलं अस्तर बोटाबरोबर उलटं बाहेर येतं आणि परत आत जाता जात नाही, म्हणून मिटन (चार बोटं एकत्र राहतात ते) घ्या, आणि दोन जोड घ्या, एक दुपारी भिजणारच. जॅकेट-पॅन्ट भाड्याने मिळतात पण ग्लोव्हज आणि मोजे सहसा विकतच घ्यावे लागतात. मफलर देऊ नका, लिफ्टमध्ये अडकायची भीती, गळ्याला पातळ बफ (नळीसारखा शिवलेला गळपट्टा) पुरे. हेल्मेटखाली लोकरीची टोपी पण नको, हेल्मेट नीट बसत नाही.

मोज्यांचं सगळ्यांना सांगते, एकच जोड, पातळ, गुडघ्यापर्यंतचे. दोन घातले तर पाय गरम राहतील असं वाटतं पण बुटात रक्तच फिरत नाही आणि उलट गार पडतात. आणि थर्मलची खालची कड बुटाच्या बाहेर ठेवा!! आत गेली की नडगीवर असा वळ उठतो की दुसऱ्या दिवशी बूट घालवत नाही.

पुणेरी_बोका
टाहोचं माहीत नाही, आम्ही आपले गुलमर्गवाले, पण मार्चअखेरीस तिथेही हाच प्रकार असतो. तनमर्गला गाडी थांबली रे थांबली की गमबूट आणि घोट्यापर्यंतचे फरचे कोट भाड्याने घ्या म्हणून मागे लागतात, ते फोटोपुरते ठीक, स्कीइंगला त्या कोटात धड वाकताही येत नाही. खाली ऊन म्हणून जॅकेट हॉटेलवर सोडायचं नाही पण, गोंडोलाचा (केबल कारचा) दुसरा टप्पा अफरवटच्या डोंगरावर साधारण ३,९५० मीटरवर नेऊन सोडतो आणि तिथल्या वाऱ्याने दात वाजतात.
मी ट्रेकची रेनपॅन्ट घालूनच स्कीइंग करतो, आतून थर्मल. उगाच नवीन खरेदी कशाला?

डोंगरवेडा
@पुणेरी_बोका रेनपॅन्ट पाणी अडवते हे खरं, पण स्कीच्या धारा घोट्याशी लागून खालची कड फाटते. स्की पॅन्टला आतल्या बाजूला जाड पट्टी असते ती त्यासाठीच. शिवाय बुटावरून ओढायची आतली इलॅस्टिकची झालर रेनपॅन्टला नसते, बर्फ सरळ बुटात. नवशिक्यांनी भाड्याची स्की पॅन्ट घ्यावी, स्वस्तात काम होतं.

उकडीचामोदक
बापरे, केवढी माहिती, सगळ्यांना धन्यवाद! जीन्सचा वरचा परिच्छेद नवऱ्याला वाचून दाखवला, गप्प आहे. अजून एक, मला चष्मा आहे. साधा उन्हाचा गॉगल चालेल का? आणि सनस्क्रीन रोजचंच?

कडकचहा
चष्म्यावरून घालायचे मोठे स्की गॉगल मिळतात, विकत घेताना चष्मा घालूनच ट्राय करा. काच गडद हवी, एस३ लिहिलेली, ढगाळ दिवसाची फिकी काच एप्रिलच्या उन्हात कुचकामी.
सनस्क्रीन एसपीएफ ५० आणि दर दोन तासांनी, घामाने जातं ना. ऊन बर्फावरून उलटं वर येतं, ताजा बर्फ तर ८० टक्क्यांपर्यंत यूव्ही परत फेकतो, त्यामुळे हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या कडेला, कानामागे पण लावा. ओठांना एसपीएफवाला बाम. आपण सावळे, आपल्याला काय होतंय, असं म्हणणारे संध्याकाळी लालबुंद नाक घेऊन कोरफड शोधत असतात.

डोंगरवेडा
लेसन नऊचा असेल तर जमल्यास दहा-साडेदहाचा बघा, कडक बर्फावर पहिल्यांदा पडलं की ढुंगण शेकून निघतं. आणि एप्रिलमध्येही एखादं वादळ येऊन आय-८० हायवेवर चेन कंट्रोल (टायरला साखळ्या लावायचा नियम) लागू शकतो, आदल्या रात्री कॅलट्रान्सचं (कॅलिफोर्नियाचं रस्ते खातं) अपडेट बघूनच निघा. पफर घरी ठेवू नका, गाडीत असू दे, वाटेतल्या डॉनर पासच्या घाटात ट्रॅफिकमध्ये अडकलात तर तोच कामाला येईल.