हरिश्चंद्रगडावर १४ जणांचा मुक्काम: गडाला त्रास न होता कसा करावा?

रानवाट
नमस्कार मंडळी. डिसेंबरात आम्ही १४ जण पायथ्याच्या पाचनई गावाहून हरिश्चंद्रगडावर जातोय, एक रात्र मुक्काम. त्यातले नऊ जण पहिल्यांदाच गड चढणार आहेत आणि त्यांना नेण्याची जबाबदारी माझी. गेल्या वर्षी एका दुसऱ्या गडावर आम्ही उरलेला भात आणि फळांची सालं खड्डा करून पुरली. चांगलंच केलं असं वाटलं होतं. सकाळी पाहिलं तर कुत्र्यांनी सगळं उकरून देवळासमोर पसरलेलं. ते गोळा करताना फार लाज वाटली. म्हणून यंदा आधीच विचारते. ओला कचरासुद्धा परत आणायचा का? स्वयंपाक वर करावा की नको? आणि शौचाचं काय? १४ जण म्हणजे विषय टाळून चालणार नाही.

घाटमाथा
ताई, हो, ओलाही परत आणा. डिसेंबरात वर सगळं कोरडं पडलेलं असतं, मातीचा थर पातळ. संत्र्याची साल तिथे महिनोन्महिने तशीच राहते. आणि माकडांना एकदा चव लागली की पुढच्या माणसाच्या हातातली पिशवी ओढतात.

खरं तर कचऱ्याचा निकाल घरीच लावायचा. १४ जणांनी बिस्किटांचे पाच-पाच पुडे आणले तर ७० वेष्टणं वर जातात. त्याऐवजी चिवडा, लाडू, दशम्या, चटणी असं मोठ्या डब्यांतून न्या. फळं सोलूनच घ्या. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, प्रत्येकाकडे आपली दोन-तीन लिटरची सोय हवी.

आणखी एक. खाली उतरल्यावर कचऱ्याची पिशवी गावात ठेवून येऊ नका. पायथ्याच्या गावांत शहरासारखी रोज घंटागाडी येत नाही. तिथे ठेवलेलं प्लॅस्टिक शेवटी जाळलंच जातं, आणि तो धूर गावातल्या पोरांच्या नाकात जातो. पिशवी थेट घरी न्या.

कारवी
स्वयंपाकाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: करूच नका. गडावर आणि पाचनईत स्थानिक लोक जेवण देतात. आधी फोन करून माणसं सांगा. पिठलं-भाकरी, ठेचा, गरम भात मिळतो आणि पैसे गावातच राहतात. ताट, वाटी, पेला मात्र प्रत्येकाने घरून न्यायचा, म्हणजे कागदी थाळ्यांचा ढीग होत नाही.

रानवाट
पण त्यांचीही चूल लाकडावरच पेटते ना? मग फरक काय पडला?

कारवी
रास्त प्रश्न. पण १४ जणांचं जेवण एका चुलीवर होतं, तीन गटांच्या तीन चुली पेटत नाहीत. आणि कुठलं लाकूड वाळलेलं, चूल कुठे धोक्याची नाही, हे त्यांना ठाऊक असतं. आपण हौसेने शेकोटी करतो तेव्हा हाताला लागेल ती कारवी, म्हणजे इथलं रानटी झुडूप, मोडतो. ती सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. फुलण्याआधी मोडली तर पुढची पिढीच गेली.

डिसेंबरात गवत वाळून कडकडीत होतं. एका ठिणगीने वणवा पेटतो. शिवाय हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, १९८६ सालचं. अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. थंडीसाठी कानटोपी, दोन स्वेटर आणि चांगली स्लीपिंग बॅग न्या.

सह्यकन्या
शौचाचं मी सांगते, कारण मुली हे विचारायला संकोचतात आणि मग पाणीच पीत नाहीत.

चढण्याआधी गावातच शौचालयाची सोय करून घ्या, त्या घरच्यांना विचारून, पैसे देऊन. अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. वर गेल्यावर पाण्याची कातळातली टाकी, पुष्करणी, ओढा यांपासून निदान ६०-७० मीटर लांब जायचं. खुरप्याने वीतभर खोल खड्डा, नंतर माती लोटून वर पालापाचोळा. पण हे फक्त झाडीत, जिथे खरी माती आहे तिथे. गडाच्या टोकाला कोकणकडा आहे, त्या कड्याजवळच्या कातळावर खड्डा होतच नाही, दगड झाकून ठेवणं म्हणजे पुरणं नव्हे. तिथून उठून झाडीत जा, आळस करू नका.

ओले टिश्यू पुरू नका, बहुतेकांत प्लॅस्टिकचे धागे असतात. पाणी वापरा. सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून, घट्ट झाकणाच्या डब्यात परत आणायचे. मी गेली सहा वर्षं असंच करते. वास येत नाही, कुणाला कळतही नाही. तुमच्या नऊ नवख्यांत मुली असतील तर त्यांना हे निघायच्या आधी बाजूला घेऊन सांगा.

आजोळ_अकोले
माझं आजोळ त्याच भागातलं, म्हणून पाण्याबद्दल कळकळीने सांगतो. टाक्यांत पावसाळ्यात जे साठतं ते पुढच्या पावसापर्यंत पुरवायचं असतं. त्यात कुणी पाय बुडवले, भांडी विसळली की वर राहणाऱ्यांचं पिण्याचं पाणी गेलं. गडावरच्या देवळाजवळून मंगळगंगेचा ओढा खाली पाचनईकडे उतरतो. वर साबण लावला तर तो खाली जातो. एका रात्रीसाठी साबणाची गरजच नाही, ताटं आधी भाकरीच्या तुकड्याने पुसून घ्या. पाणी भांड्याने काढून, टाक्यापासून लांब नेऊन वापरा.

तंबू आधीच मोकळ्या पडलेल्या कडक जागेवर लावा, भोवती चर खणू नका. परवानगी कुठे आहे ते पाचनईच्या वन खात्याच्या नाक्यावरच विचारून घ्या. आणि हात जोडून विनंती: तंबूला दाब म्हणून जुन्या बांधकामाचे दगड उचलू नका. ज्याला आपण नुसता दगड समजतो तो कुठल्यातरी जोत्याचा असतो, एकदा हलला की त्याची जागा परत कुणाला सांगता येत नाही.

रानवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. जेवण गावात सांगते, शेकोटी रद्द. गटाला आजच ताट-वाटीचा आणि डब्यांचा निरोप पाठवला. स्पीकर आणणाऱ्या दोघांनाही नको म्हणून कळवलं. सह्यकन्या, घरी कुंड्यांसाठीचं छोटं खुरपं आहे, ते चालेल ना?

सह्यकन्या
चालेल. १४ जणांना दोन तरी घ्या. पात्याला जाड कापड गुंडाळा, नाहीतर सॅक फाटते.