गरोदरपणातील मद्यसेवनाचा मुलीवर परिणाम झाल्याची शंका : सांगली-मिरज भागात तपासणी कोठे करावी?

नमस्कार,

आम्ही सांगलीत राहतो. आमची दत्तक मुलगी दुसरीत आहे. दत्तकविधानाच्या वेळी मिळालेल्या वैद्यकीय कागदपत्रांत जन्मवजन कमी असल्याची आणि जन्मदात्रीस दारूचे व्यसन असल्याची नोंद आहे.

अडचण शाळा सुरू झाल्यावर दिसू लागली. रात्री न अडखळता म्हटलेला पाचाचा पाढा सकाळी तिला अजिबात आठवत नाही आणि दोन दिवसांनी अचानक पुन्हा आठवतो. "दप्तर भर, डबा घे, चपला घाल" असे एका दमात सांगितले की ती नुसती दप्तर धरून दारात उभी राहते. तेच एकेक करून सांगितले तर सगळे नीट करते. बोलणे मात्र इतके चुरचुरीत आहे की ती मुद्दाम करते असे कोणालाही वाटावे. शाळेचे मत तेच आहे : पोर लाडावली आहे. एका डॉक्टरांनी चंचलतेवरची गोळी सुचवली, पण जन्माची कागदपत्रे उघडूनही पाहिली नाहीत.

१९७३ मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी 'फीटल अल्कोहोल सिंड्रोम' हे नाव दिलेल्या विकाराविषयी आम्ही वाचले आहे. आईने घेतलेले मद्य वारेतून थेट गर्भाच्या रक्तात जाते, गर्भाचे यकृत ते पचवू शकत नाही, आणि मेंदूची घडण नऊही महिने चालू असल्यामुळे कोणताच टप्पा किंवा कोणतेही प्रमाण सुरक्षित मानले जात नाही, हे समजले. डोळ्यांच्या लहान फटी, नाकाखालची सपाट झालेली खाच आणि पातळ वरचा ओठ ही चेहऱ्यावरची लक्षणे असतात. परंतु पुष्कळ मुलांत ती दिसत नाहीत आणि परिणाम केवळ स्मरणशक्ती, हिशेब व वागणुकीत उमटतो. आमच्या मुलीचा चेहरा चारचौघींसारखाच आहे. या विकाराचे निदान करणारी रक्ततपासणी नाही, त्यामुळे पुढे कोणाकडे जावे हे सुचत नाही.

पहिला प्रश्न असा की, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात अशी तपासणी होते का, की थेट बालविकासतज्ज्ञ गाठावेत? मिरजेत डॉक्टरांची वाण नाही, पण हा विषय हाताळलेले कोण, हे पाटी वाचून कळत नाही.

दुसरा प्रश्न शाळेचा आहे आणि तोच आम्हाला अधिक छळतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत हा विकार स्वतंत्रपणे नाही. बुद्ध्यंक सर्वसाधारण निघाला, तर अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्रावर परीक्षेत सवलत मिळवता येते का? निदान कागदावर आल्यास शाळा समजून घेते की मुलीवर कायमचा शिक्का बसतो? हा अनुभव घेतलेल्या पालकांनी कृपया सविस्तर लिहावे.

घरातील वडीलधारी मंडळी "खाण तशी माती" म्हणून मोकळी होतात. हा आनुवंशिक दोष नसून गर्भात झालेली इजा आहे, हे त्यांना पटेल असे मराठीतील सोपे साहित्य कोणाकडे असल्यास तेही सुचवावे. तपासणीसाठी कोल्हापूर किंवा पुण्याला जाण्याची आमची तयारी आहे.