मदत हवी आहे: स्टाइल ऑब्जेक्टची सीएसएस स्ट्रिंग केली की काटापावतीच्या ओळी एकमेकींवर चढतात

नमस्कार मंडळी,

मी सावद्याचा. मामांचा केळीचा व्यापार आहे. कटाई होऊन गाडी काट्यावर गेली की शेतकऱ्याला वजनाची पावती द्यावी लागते. ती मोबाइलवर जावी म्हणून मी नोडमध्ये (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) छोटा प्रोग्रॅम लिहिलाय. गाडी नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, घट, क्विंटलचा भाव, एकूण रक्कम, एवढंच पान.

मामांच्या ऑफिसातली स्क्रीन रिॲक्टमध्ये (स्क्रीन बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) आहे. तिथलेच स्टाइल ऑब्जेक्ट (रंग, आकार वगैरेंचं नाव म्हणजे की आणि त्याची व्हॅल्यू, अशा जोड्या) पावतीलाही वापरायचे होते, म्हणजे रंग बदलला तर दोन ठिकाणी हात लावायला नको. पण सर्व्हरवर एचटीएमएल साध्या स्ट्रिंगा जोडून बनतं, तिथे स्टाइल ॲट्रिब्यूटमध्ये सीएसएसची स्ट्रिंगच लागते. म्हणून फंक्शन केलं: ऑब्जेक्ट डॉट एन्ट्रीजने की आणि व्हॅल्यू काढायची, कॅमलकेस (fontSize सारख्या, पुढचा शब्द मोठ्या अक्षराने जोडलेल्या) कीमधल्या प्रत्येक मोठ्या अक्षराआधी रेजेक्सने (मजकुरातला नमुना शोधून बदलायची पद्धत) हायफन टाकून ते अक्षर लहान करायचं, मध्ये कोलन, आणि सगळं सेमीकोलनने जॉइन.

लॅपटॉपवरच्या चाचणीच्या फाइलमध्ये पावती छान दिसली, फक्त चौकटीचे कोपरे गोल होत नव्हते. सर्व्हरवर चढवली तर फॉन्टचा आकार, पॅडिंग, काहीच लागेना. मग नंबर असलेल्या प्रत्येक व्हॅल्यूला पीएक्स (पिक्सेल हे एकक) जोडला. आकार लागले, पण सगळ्या ओळी एकाच जागी साचल्या. 'घट'वर 'भाव' चढला, वेलांट्या वरच्या आकड्यांत घुसल्या. रावेरकडच्या एका शेतकऱ्याने फोन करून विचारलं, "भाऊ, वजन किती धरलं ते तरी सांग." त्याच्या वर्षभराच्या कष्टाचा आकडा त्याला वाचता येत नव्हता, हे मला फार लागलं. शिवाय एकूण रक्कम ठळक दिसत नाही, आणि फॉन्टच्या नावानंतर येणारी एकही स्टाइल चालत नाही. कुठे चुकतंय?

प्रतिसाद (शिरपूरहून)

दादा, ओळी चढतात त्या लाइन हाइटमुळे. ऑब्जेक्टमध्ये 1.6 असणार, तुमच्या फंक्शनने त्याचे 1.6 पिक्सेल केले. एवढ्याशा उंचीत देवनागरी ओळ मावेल कशी? लाइन हाइटला नुसता आकडा म्हणजे फॉन्टच्या आकाराच्या इतके पट. ठळकपणाचंही तेच: फॉन्ट वेट 600 चालतं, 600 पीएक्स ब्राउझर अवैध मानून सोडून देतो. ओपॅसिटी, झेड इंडेक्स, फ्लेक्स ग्रो, ऑर्डर हीदेखील बिनएककाची. रिॲक्ट आपणहून पीएक्स जोडतं, पण अशा प्रॉपर्टींची यादी ते सोबत बाळगतं. तशीच यादी एका सेटमध्ये ठेवा आणि पीएक्स जोडण्याआधी त्यात बघा. शून्यालाही पीएक्स नको.

आणि चाचणीच्या फाइलला वर डॉकटाइप (एचटीएमएलची सुरुवातीची घोषणा) आहे का ते बघा. नसेल तर ब्राउझर क्वर्क्स मोडमध्ये (जुन्या पानांसाठीच्या सैल नियमांत) जातो, तिथे फॉन्ट साइझ, मार्जिन, पॅडिंग अशा काही प्रॉपर्टींना एककाशिवायचा आकडाही चालतो. बॉर्डर रेडियस त्या सवलतीत नाही. कोपरे गोल होत नव्हते, त्यावरून मला हीच शंका येते.

प्रतिसाद (अमळनेरहून)

फॉन्टचं नाव डबल कोट्समध्ये लिहिलंय का? नोटो सॅन्स देवनागरी वगैरे? तुमचं स्टाइल ॲट्रिब्यूटही डबल कोट्समध्येच असेल, तर फॉन्टच्या पहिल्या कोटलाच ॲट्रिब्यूट बंद होतं. पुढचं सगळं ब्राउझरला स्टाइल म्हणून दिसतच नाही. ऑब्जेक्टमध्ये सिंगल कोट्स केलेत तर आज काम भागेल, पण तेवढ्यावर थांबू नका. स्ट्रिंग ॲट्रिब्यूटमध्ये घालताना अँपरसँड आणि कोट्स एस्केप कराच, म्हणजे त्यांच्या जागी एचटीएमएलचे सुरक्षित कोड घाला. शेतकऱ्याचं नाव, गावाचं नाव पानात टाकतानाही एस्केप हवंच.

आणखी दोन गोष्टी. की दोन हायफनने सुरू होत असेल तर ते कस्टम व्हेरिएबल, त्याला रेजेक्स लावू नका, पीएक्सही नको. त्यात लहान-मोठं अक्षर वेगळं धरतात, नाव बदललं की व्हेरिएबल सापडत नाही. व्हॅल्यू नल, अनडिफाइंड किंवा फॉल्स असेल तर ती ओळच गाळा, नाहीतर स्ट्रिंगमध्ये 'अनडिफाइंड' हा शब्द जाऊन बसतो.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. डॉकटाइप खरंच नव्हता. तो घालून जुनं फंक्शन लावलं तर सर्व्हरवरचीच मोडकी पावती लॅपटॉपवर दिसली. आता बिनएककाची यादी, एस्केप आणि नल गाळणं तिन्ही केलंय. फॉन्ट लागला, रक्कम ठळक आली. एकच राहिलं: ऑब्जेक्टमध्ये हॉवर (माउस वर आणला की लागणारी स्टाइल) आणि मीडिया क्वेरी (स्क्रीनच्या आकारानुसार लागणारे नियम) यांच्या आतल्या कीज आहेत, त्यांचं काय करू?

प्रतिसाद (शिरपूरहून)

त्या इनलाइन स्टाइलमध्ये, म्हणजे स्टाइल ॲट्रिब्यूटमध्ये, बसतच नाहीत, तिथे फक्त प्रॉपर्टी आणि व्हॅल्यू चालतात. व्हॅल्यू स्वतः ऑब्जेक्ट असेल तर ती वगळा आणि छोट्या स्क्रीनचे नियम पानाच्या हेडमध्ये स्टाइल टॅगात क्लास देऊन लिहा. पण इनलाइन स्टाइल त्या क्लासवर मात करते, म्हणून मीडिया क्वेरीत जे बदलायचंय ते इनलाइनमधून काढा.

धागाकर्ता

केलं, चाललं. परवापासूनच्या सगळ्या पावत्या पुन्हा पाठवतोय, रावेरच्या त्या काकांना पहिली.